नीलाची चार वयं

कर्णिक मंडळी साडेनऊला यायची होती आणि सव्वानऊ झाले तरी नीलाला पंधरा वर्षं पूर्ण झालेली नव्हती. शाई अजून ओली होती.

नाना टिपणीस नवी पत्रिका दोन बोटांत धरून खिडकीशी उभे होते. ठाण्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. दुसऱ्याच्या दस्तातली खाडाखोड त्यांना खोलीच्या त्या टोकावरून दिसायची. आज सकाळी त्यांनी नातीची जुनी पत्रिका समोर ठेवून तिची बरहुकूम नक्कल उतरवली होती. फक्त जन्माचा शक १८६१ होता, तिथे १८५८ घातला होता. खाडाखोड नाही, डाग नाही, अक्षर मोत्यासारखं. तरी त्यांची डावी पापणी लवत होती.

“वाळली का?” गुरुदत्तने तिसऱ्यांदा विचारलं.

“शाई वाळेल रे. पण शनी तीन वर्षं एकाच घरात ठाण मांडून बसलाय, त्याचं काय करू?”

“शनी कोण बघतो, नाना.”

“कर्णिक पोस्टमास्तर होता. ती माणसं आधी शिक्का बघतात, मग तारीख, मग पाकीट. शनीही बघेल.”

गुरुदत्त खुर्चीत बसला, उठला, परत बसला. कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून असलेल्या या माणसाला तीन मुली होत्या, आणि थोरल्या नीलासाठी स्थळ आपल्या पायांनी चालत आलं होतं. हुंडा नको, मुलगा सचिवालयात, घरात सासू नाही. कर्णिकांच्या लक्ष्मीकाकूंनी नीलाला एका हळदीकुंकवात वाटली डाळ वाढताना पाहिलं, आणि तिच्या उंचीवरून ती सोळाची असणार असं स्वतःच ठरवून टाकलं. तेव्हा कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. एवढाच काय तो टिपणिसांचा गुन्हा. बाकीचे गुन्हे त्यातून निघाले.

“आणि कायदा?” गुरुदत्तने आवाज खाली आणून विचारलं.

“कायदा उत्तम आहे,” नाना म्हणाले. कायद्याबद्दल बोलताना त्यांची पापणी लवायची थांबली. “एकोणपन्नास साली सरकारने मुलीचं वय चौदाचं पंधरा केलं. प्रगतीच म्हणायची. पण पोलिसाला आपणहून काही करता येत नाही. कुणीतरी कोर्टात जाऊन तक्रार करावी लागते. आणि एकदा अक्षता पडल्या की लग्न ते लग्न. दंड होईल, क्वचित कैद होईल, पण लग्न मोडत नाही. मुलगी सासरीच.”

“म्हणजे कायदा आहे की नाही?”

“आहे. मांडवाच्या दारापर्यंत आहे.”

गेल्याच महिन्यात नानांनी वाचनालयात ‘नवी घटना आणि आपली मुले’ या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

“तक्रार कोण करणार म्हणा,” गुरुदत्त म्हणाला, आणि मग बापलेकांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून नारळ खवल्याचा आवाज येत होता. नारळ खवण्याला एवढा जोर लागत नाही.

*

नारळ मंदाकिनी खवत होती. नानांची लेक, वय एकतीस, नगरपालिकेच्या शाळेत दुसरीला शिकवणारी. तिच्या शेजारी शुभदा, नीलाची आई, भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसली होती. वालाचं बिरडं म्हणजे एकेक दाणा हाताने सोलायचा. टिपणिसांकडच्या बायकांचं अर्धं आयुष्य वाल सोलण्यात जाई आणि उरलेलं, जे बोलायचं ते वाल सोलताना बोलण्यात.

“वहिनी, तुम्ही गप्प का?”

“गप्प कुठे? वाल सोलतेय.”

“पोर अजून तेरा वर्षांचीसुद्धा नाही. सातवीची परीक्षा झालीय. जूनमध्ये ती हायस्कुलात जायची. तिने आठवीचं बीजगणिताचं पुस्तक आतापासून मागून आणलंय मुधोळकरांच्या मुलीकडून.”

“माहीत आहे वन्सं. पुस्तकाला कव्हर मीच घातलं.”

“मग?”

शुभदाने एक दाणा पिळला, तो सुळकन चुलीमागे गेला. “मग काय. तुमच्या भावाला रोज मालधक्क्यावर चार जण विचारतात, तीन मुली ना हो तुम्हाला?”

“त्यांना सांगावं, माल आहे पण वॅगन मिळत नाही.”

शुभदा हसली आणि हसतानाच तिचे डोळे भरले, म्हणून तिने वालांची परात जवळ ओढली. “मघाशी तिला लुगडं नेसवलं. कनवटीला काहीतरी टोचतंय म्हणून बघते, तर सागरगोटे. पाच. काढ म्हटलं तर म्हणते, आई, पाहुणे गेल्यावर खेळायचंय, परत कोण शोधत बसणार.”

मंदाकिनीने खवणी आडवी ठेवली. “मी सांगते पाहुण्यांना.”

“तुम्ही काही सांगायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर नाना आणि तुमचा भाऊ दोघं मिळून तुमच्याशी भांडतील, आणि भांडणात खरं-खोटं राहतं बाजूला. तुम्ही नारळ खवा.”

हे बोलताना शुभदाने मागच्या दाराकडे दोनदा पाहिलं. मंदाकिनीच्या ते लक्षात आलं नाही.

*

नीलाला इतकी वयं कशी झाली, हे इथे सांगितलंच पाहिजे.

तिच्या वेळचं बाळंतपण आंबिवलीला, शुभदाच्या माहेरी व्हायचं होतं. ट्रंक भरलेली होती. पण पोरीला घाई. श्रावणात, ठाण्यातल्या याच घराच्या मधल्या खोलीत ती आली. पहिलटकरणीचं सगळं माहेरचे करतात, तेव्हा जन्माची नोंदही व्याही आंबिवलीला करतील, असं नानांनी धरलं. घरात कोर्टातला माणूस असताना नोंद आपण कशाला करायची, असं आंबिवलीकरांनी धरलं. दोन महिन्यांनी दोघांनाही शंका आली. पण विचारायचं कसं, समोरच्याला वाटेल ह्यांना एवढंही माहीत नाही. अशी कोर्टातल्या माणसाची नात सरकारदरबारी जन्मलीच नाही.

जन्म नाही म्हटल्यावर वय सोयीचं झालं. शाळेत हेडमास्तरांनी सगळ्या वर्गाला घालत तशी एक जून ही तारीख घातली, आणि वर्ष अंदाजाने; तिथे ती अकराची. आगगाडीत गुरुदत्त तिचं अर्धं तिकीट काढी, तिथे ती गेली तीन वर्षं दहाचीच होती. आंबिवलीच्या फाटकातून बाहेर पडताना शुभदा कुजबुजे, “गुडघे वाकव,” आणि नीला लुळ्या माणसासारखी तिकीट-कलेक्टरसमोरून जाई. रेशनकार्डावर पूर्ण माणसाचं धान्य मिळावं म्हणून ती चौदाची. आणि आजच्या पत्रिकेत पंधरा. खरं वय साडेबारा. ते तेवढं कुणीच वापरत नव्हतं.

*

कर्णिक मास्तर अगदी साडेनऊला आले. बारीक अंग, बंद गळ्याचा कोट, खिशात भिंग. पोस्टातून निवृत्त झाले तरी भिंग सुटलं नव्हतं. बरोबर त्यांच्या दिवंगत भावाच्या पत्नी, लक्ष्मीकाकू. घराचं त्याच बघत. मुलगा मधू सचिवालयात, त्याने म्हणे सांगितलं होतं की तुम्ही पसंत करा, मी सही करतो.

गुरुदत्तला पहिल्या दहा मिनिटांत जगणं सोपं वाटलं. लक्ष्मीकाकूंनी खाजाचा कानवला मोडला, आतलं सारण बघून मान डोलावली आणि म्हणाल्या, “भाऊजी, पापुद्रे मोजा. आजकाल कोण करतं असे?”

“मोजतो,” मास्तर म्हणाले, “पण आधी कागद. राग मानू नका नानासाहेब. मुलगा सरकारी नोकर. उद्या कुणी अर्ज केला की नवरी पंधराच्या आतली, तर त्याच्या नोकरीवर येईल.”

“वाजवी आहे,” नाना म्हणाले आणि पत्रिका पुढे केली.

मास्तरांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. “अक्षर सुरेख आहे.”

“जुन्या वळणाचं.”

“शाईचा वास मात्र नव्या वळणाचा येतो.”

गुरुदत्तने घाईघाईने रेशनकार्ड पुढे सरकवलं. “हे सरकारी आहे. शिक्क्यासकट.”

“यात चौदा आहे.”

“जुनं कार्ड आहे ते. म्हणजे, लिहिलं तेव्हा चौदा.”

“यावर तारीख गेल्या सप्टेंबरची आहे.”

“गेल्या सप्टेंबरात चौदा, म्हणजे आता...” गुरुदत्त थांबला. मालधक्क्यावर तो रोज शेकडो मणांची बेरीज करी, पण आज सात महिने त्याला पंधरापर्यंत नेता येईनात.

“अहो, मुलीला बोलवा की,” लक्ष्मीकाकू म्हणाल्या. “मुलगी बघायला आलोय, कार्ड काय बघत बसलात.”

नीला आली. हिरवं लुगडं, अंबाड्यात मावेनात म्हणून खोचलेले केस, हातात पोह्यांचं तबक. ती दिसायला खरोखर मोठी दिसत होती. आपली पोर इतकी मोठी कधी झाली, असं गुरुदत्तला वाटलं, आणि ती तशी झालेली नाही हेही त्याला त्याच क्षणी आठवलं. तिने तबक ठेवलं, नमस्काराला वाकली, आणि कनवटीतून पाचही सागरगोटे टपटप फरशीवर पडले. एक घरंगळत मास्तरांच्या वहाणेशी जाऊन थांबला.

नीलाने चार गोळा केले. पाचव्याकडे बघत उभी राहिली.

मास्तरांनी भिंग खिशात ठेवलं. “बाळ, तुझं वय किती?”

नीलाने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग आजोबांकडे. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. तिला खोटं शिकवलेलं नव्हतं. फक्त कुठे काय सांगायचं ते शिकवलं होतं.

“कुठलं सांगू?” तिने आदबीने विचारलं. “गाडीतलं, शाळेतलं की रेशनचं?”

लक्ष्मीकाकूंच्या हातातला कानवला तोंडाच्या अर्ध्या वाटेवर थांबला.

“आणखी एक आहे ना,” नीलाला आठवलं. “आजचं. पंधरा.”

*

“चेष्टेखोर आहे हो,” गुरुदत्त म्हणाला आणि एकटाच हसला.

मंदाकिनी दारात उभी होती. आता आपण बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या अंगणातून खणखणीत आवाज आला, “शुभाबाय, अगो हायेस का घरान? सांगावा धाडला न आता दार लावून बसलीस?”

“आवडाबाई दिसतेय,” शुभदा म्हणाली आणि पाहुण्यांसमोर, सासऱ्यांसमोर, मासळीवालीला तिने चक्क माजघरात बोलावलं. “ये गं, इकडेच ये. जनीलाही आण.”

मंदाकिनीने चुलीकडे पाहिलं. कोलंबीची खिचडी कधीच दमाला लागली होती. कोलंबी कालच घेतलेली. मग आज मासळीवालीला सांगावा कशाला? तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदराच्या टोकाला गाठ मारत होती, जशी आठवणीसाठी मारतात.

आवडाबाई आली. बाळकुमच्या खाडीवरची कोळीण, टिपणिसांकडे तिच्या सासूपासूनची ये-जा. मागे डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली जनी. चणीने एवढीशी, नीलाच्या खांद्याला लागेल न लागेल अशी.

“अगो बाय, नीलीला लुगरं?” आवडाबाईने गालाला बोट लावलं. “काय करताव, लगीन?”

“बोलणी चाललीत,” शुभदा म्हणाली. “आवडाबाई, आपल्या नीलाचा जन्म कधीचा गं? ह्यांना सांग बरं.”

“आता त्यान सांगाचा काय? नारली पुनवेच्या दुसऱ्या दिसाला. मी म्हावरा घेऊन आली, तुज्या दुखतान, म्हून मीच दौरत जाऊन सुइनीला आनली. न पाटी ठेवाला घरा गेली त मलाच कला आल्या. दोगी एकाच दिसाच्या गो, माजी जनी न तुजी नीली. पाचवी पुजली त्या दिसाला तुमचे नाना बोलले, लढाई लागली. म्हनून माजा नवरा जनीला लढाई म्हनतं. अजून म्हनतं.”

“लढाई म्हणजे हिटलरची,” कर्णिक मास्तर हळूच म्हणाले.

“कोनाची ती मला नाय ठावं. तांदूल म्हाग झाला ती.”

मास्तरांनी बोटांवर मोजलं नाही. पोस्टातल्या माणसाला एकोणचाळीस सालचा सप्टेंबर मोजावा लागत नव्हता. त्या महिन्यात त्यांनी तारा वाटल्या होत्या. त्यांनी नीलाकडे पाहिलं, मग तिच्या खांद्याएवढ्या जनीकडे. दोघी मुलींचं मोठ्यांकडे लक्ष नव्हतं. जनीने वहाणेजवळचा सागरगोटा पायाच्या अंगठ्याने नीलाकडे सरकवला होता.

*

“नानासाहेब,” मास्तर म्हणाले, “कोळणीच्या आठवणीवर मी जाणार नाही, आणि तुमच्या शाईच्या वासावरही नाही. तुम्ही बत्तीस वर्षं कोर्टात काढलीत. तुमच्या हाताने एका कागदावर लिहून द्या, की मुलीला पंधरा पूर्ण आहेत. खाली सही. मी मानतो. वैशाखातला मुहूर्त धरू.”

लक्ष्मीकाकू म्हणाल्या, “संपलं. लिहा हो. मुलगी गोड आहे. सागरगोटे काय, माझ्याकडेही होते लग्नात.”

गुरुदत्तने कोरा कागद आणला. बापाकडे त्याने असं पाहिलं, जसं लहानपणी गणिताची पाटी दाखवताना पाही.

नाना बैठकीवर बसले. कागद सरळ केला. दौत कुठाय म्हणेपर्यंत मंदाकिनीने ती आणून पुढे ठेवली. झाकण काढलं. तिथेच उभी राहिली.

“नाना,” ती म्हणाली, “तारीख नीट बघून घाला. तुम्हाला तारखा चांगल्या कळतात.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. पण नानांचा टाक दौतीतच राहिला.

तीस सालचा फाल्गुन. बालविवाहबंदीचा पहिला कायदा एक एप्रिलपासून लागू व्हायचा होता, आणि ती तारीख ठाण्यात सगळ्यांच्या आधी ज्यांना कळली त्यांत कोर्टातले श्रीपाद टिपणीस, म्हणजे नाना, होते. ते घरी तारीख घेऊन आले, जसा कुणी आंबे घेऊन येतो. त्या महिन्यात गावात इतकी लग्नं निघाली की बँड मिळेना. मंदाकिनीच्या लग्नात शाळेच्या घंटेवाल्या शिपायाने ढोल वाजवला. ती नऊ वर्षांची होती. कायद्याला बरोबर अकरा दिवसांनी हुलकावणी दिली, म्हणून नानांनी कचेरीत पेढे वाटले होते. नवरा तेराचा. तो तिच्याशी एकदाच बोलला, पतंग कुठल्या छपरावर गेला ते विचारायला. दोन वर्षांनी विषमज्वरात गेला. मग नानांनी तिला शाळेत घातलं, ट्रेनिंग कॉलेजात पाठवलं, नातलगांशी त्यावरून भांडले. त्या फाल्गुनाबद्दल मात्र बापलेकीत बावीस वर्षांत एक शब्द झाला नव्हता. आज झाला तो असा.

नानांनी टाक उचलला. शाई निथळू दिली. आणि लिहायला लागले. लिहिताना तोंडाने पुटपुटायची त्यांची सवय होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

“लिहून देणार श्रीपाद टिपणीस, वय वर्षे चौसष्ट, राहणार ठाणे. सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी नात चिरंजीव नीला हिचा जन्म माझ्या राहत्या घरी, तारीख तीस ऑगस्ट...” इथे ते थांबले. “...एकोणीसशे एकोणचाळीस रोजी झाला. सबब आज तिचे वय बारा वर्षे आठ महिने. सोबतची पत्रिका माझ्याच हातची असून ती खोटी आहे. शनीवरून कळेल.”

सही केली. कागद वाळवायला हलवलासुद्धा नाही, तसाच पुढे दिला.

“नाना,” गुरुदत्त म्हणाला.

कर्णिक मास्तरांनी कागद भिंगाशिवाय वाचला. घडी घातली, आणि ती स्वतःच्या खिशात न टाकता परत नानांच्या हातात दिली. “हे पत्र मुदतीच्या आधी टपालात पडलंय. मुलीला मॅट्रिक होऊ द्या, मग बघू.”

“तोवर आपला मधू बसलाय थांबून,” लक्ष्मीकाकू म्हणाल्या.

“नाही थांबणार. त्याचं दुसरीकडे जमेल.”

“तेच म्हणते मी. एवढे पापुद्रे दुसरीकडे कुठून मिळायचे?” आणि त्यांनी दुसरा कानवला घेतला. नाही म्हटलं तरी जेवायला थांबल्या. खिचडी दोनदा घेतली, जाताना नीलाच्या हातावर दोन रुपये ठेवले आणि तिला सांगितलं, “वय विचारलं की आधी लाजायचं गं. लाजलीस की कुणी पुढे विचारत नाही.”

*

पाहुणे गेल्यावर गुरुदत्त बायकोला म्हणाला, “आवडाबाईला तू बोलावलंस.”

“कोलंबी कमी पडेल असं वाटलं.”

“कोलंबी काल आली होती.”

“हो का?” शुभदा म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. रागवायचं त्याने मनावर घेतलं होतं, पण राग येईपर्यंत त्याला फरशीवर तसाच राहून गेलेला पाचवा सागरगोटा दिसला. दोघी पोरी गडबडीत तो तिथेच विसरल्या होत्या. त्याने तो वाकून उचलला आणि अंगणात नेऊन नीलाच्या हातात दिला. “जूनमध्ये हायस्कूल,” तो म्हणाला, जणू हे त्यानेच कधीपासून ठरवलं होतं. “आणि आंबिवलीला जाताना यापुढे पूर्ण तिकीट.”

“मग गुडघे?” नीलाने विचारलं.

“सरळ.”

आत मंदाकिनीने दौतीचं झाकण अजून लावलं नव्हतं. “नाना, अजून एक कागद. जनीचा.”

“तिचा न् कागद?” आवडाबाई उंबऱ्यावर बसून खिचडी खात होती, ती हसली. “तिचा वय कोन इचारतं गो? आमचे घरान कोनीच कवा इचारला नाय.”

ते खरं होतं. नीलाच्या वयाबद्दल घरात चार ठिकाणी चार खोटी होती. जनीसाठी कुणी साधं खोटंसुद्धा बोललेलं नव्हतं. रेशनकार्डावर ती अर्ध्या माणसाची राहिली, ती अजून तेवढीच दिसत होती.

“शाळेत घालू या तिला जूनमध्ये,” मंदाकिनी म्हणाली. “माझ्याच शाळेत. सकाळची शाळा आहे.”

“न म्हावरा कोन ईकल?”

“अकरा वाजता सुटते. मग विकू दे.”

आवडाबाईने हात धुतला. बराच वेळ धुतला. “मी धाडीन गो. पन तिचा बापूस, नाथा, ऐकाचा नाय. सरकारनं सक्ती केलीय आसा कागद दाखवला त ऐकंल. सरकारला भितं तो. मला नाय भीत.”

“सक्तीचा कायदा आहे,” नाना उत्साहाने म्हणाले. पापणी एकदम शांत. “पाच वर्षं झाली. नोटीस काढता येते.” मग ते थांबले. “पण सक्ती सात ते अकरा वर्षांच्या मुलांना. ही बारा वर्षं आठ महिन्यांची. कायद्यात बसत नाही.”

“सात ते अकरा असताना कुठे होता तुमचा कायदा?” मंदाकिनी म्हणाली. “कोळीवाड्यात एक माणूस फिरकला नाही.”

“तुझं म्हणणं काय?”

“ती चणीने बारीक आहे. साडेदहा लिहा.”

नानांनी लेकीकडे पाहिलं. खरं बोलून त्यांना दोन तास झाले नव्हते. टेबलावर तो खरा कागद अजून तसाच पडला होता, आणि त्यात एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलींपैकी एकीची तारीख होती.

“मंदा, मी आत्ता प्रतिज्ञेवर...”

“ती नीलाची होती. ही जनीची.”

नाना हसले नाहीत. पण त्यांनी दुसरा कोरा कागद ओढला, टाक बुडवला आणि अंगणाकडे मान करून जरा घसा साफ केला, कोर्टात साक्षीदाराला बोलावताना करत तसा.

“बाळ जनी, इकडे ये. तुझं वय किती?”

जनी दारात आली. तिला हा प्रश्न जन्मात पहिल्यांदा विचारला होता आणि उत्तर माहीत नव्हतं. तिने मागे वळून नीलाकडे पाहिलं. नीलाने लुगड्याचा ओचा वर खोचला, तिच्याजवळ आली, आणि या विषयातली ती जाणकार असल्यामुळे तिच्या कानाशी लागून म्हणाली,

“साडेदहा सांग. आणि गुडघे थोडे वाकव.”